फुफूने पाहिलेला सिनेमा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘चित्रपट, मालिका आणि आपले प्रश्न’ असा विषय मला दिला आहे. मी समीक्षक नाही. सावंतवाडीच्या बाजारात माझ्या वडिलांचे शिलाईचे दुकान होते, ते मी पुढे चालवले आणि जोडीला कविता लिहिल्या. पंचम खेमराज महाविद्यालयातून मराठी घेऊन बी. ए. झालो, एवढेच माझे शिक्षण. तेव्हा कॅमेरा कसा फिरला, प्रकाशयोजना कशी होती, हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. एखादा सिनेमा घरात शिरला म्हणजे घराचे काय होते, ते मात्र मी पाहिले आहे. तेच सांगतो.

१९८२ सालची गोष्ट. मी बारा वर्षांचा होतो. माझी फुफू, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन मुंबईला गेली होती. नवरा गोदीत कामाला. पावसाळ्याआधी ती माहेरपणाला आली आणि जूनमध्ये तिच्या नवऱ्याचे पत्र आले. निळे आंतरदेशीय पत्र. दुकानात आले, म्हणून ते अब्बांच्या हाती पडले. त्यांनी उभ्यानेच वाचले, घडी घातली आणि गल्ल्याच्या खणात, सुतांच्या रिळांखाली ठेवले. पत्रात तीन वेळा तलाक लिहिला होता आणि मेहेरचे पाचशे एक रुपये मनिऑर्डरने पाठवतो असे कळवले होते.

हे पत्र मराठीत होते. सुरुवातीला सलाम, मग ‘पत्रास कारण की’. सिनेमातला तलाक भारदस्त उर्दूत होतो, झुंबराखाली होतो. आमच्याकडे तो ‘पत्रास कारण की’ने सुरू झाला. कोकणातल्या मुसलमानाची भाषा कोणती, असे मला कुणी विचारले की हे पत्र आठवते. आम्ही लग्ने मराठीत जमवतो, जमिनीचे दावे मराठीत लढतो आणि बायको टाकायची झाली तर तीही मराठीतच टाकतो.

अकरा दिवस फुफूला कुणी काही सांगितले नाही. अब्बांनी दादीला सांगितले, दादीने आईला, आईने शेजारच्या काकींना. मला काहीतरी झाले आहे एवढे कळत होते. फुफू मात्र रोज दुपारी दुकानात येऊन काज-बटण करून जायची, नवऱ्याच्या सदऱ्याचे माप वहीत आहे का बघ म्हणायची. ईदला सदरा शिवून न्यायचा होता. बाराव्या दिवशी मनिऑर्डर आली आणि पोस्टमनने ती सरळ घरी आणून फुफूच्या नावाने हाक मारली. तिला कळले ते असे.

त्याच वर्षी बी. आर. चोप्रांचा ‘निकाह’ देशभर लागला होता. आमच्या टॉकीजला तो पुढल्या वर्षी आला. पहिल्यांदा चोप्रांनी त्याचे नाव ‘तलाक तलाक तलाक’ असे ठेवायचे ठरवले होते, मग बदलले. आपल्याकडे रोगाचे नाव घेत नाहीत, तसेच ते. तर शेजारच्या काकी फुफूला म्हणाल्या, चल, आपण दोघी जाऊ. दादीने नको म्हटले. अब्बा काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणजे परवानगी, असा आमच्या घरचा कायदा होता. मला सोबतीला पाठवले.

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निलोफरचे, म्हणजे सलमा आगाचे, वसीमशी लग्न होते. तो धंद्यात गुंतलेला. लग्नाच्या वाढदिवशी भांडण होते आणि तो संतापात तीनदा तलाक म्हणतो. पुढे ती हैदरच्या मासिकात नोकरी धरते, त्याच्याशी लग्न करते. तिकडे वसीमला पश्चात्ताप होतो. हैदरला वाटते, हिचे मन अजून पहिल्या नवऱ्याकडेच आहे, म्हणून तो मोठ्या मनाने तिला मोकळे करायला निघतो. तेव्हा ती दोघांनाही खडसावते, की मी वस्तू आहे काय, एकाने टाकायला आणि दुसऱ्याने परत करायला?

टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूला त्या वेळी शांतता पसरली होती. माझ्या आठवणीत नाकातल्या पाण्याचा आवाज आहे, काकींच्या. फुफू रडली नाही. घरी येताना मोती तलावाच्या कठड्याजवळ ती थांबली आणि काकींना म्हणाली, “तिका तलाक झालो तर तिका जावक बंगलो आसा. माका भावाची पडवी.” थोडे पुढे गेल्यावर परत म्हणाली, “शेवटाक ती बोलली मगे. माका कोणी इचारूकच नाय.”

श्रोतेहो, ‘निकाह’वर पुढे मी पुष्कळ वाचले. त्यातला मुसलमान नवाबी आहे, त्याच्या दिवाणखान्यातल्या झुंबराच्या किमतीत आमची अख्खी आळी उठली असती, बाईच्या प्रश्नापेक्षा दोन पुरुषांचा त्यागच चोप्रांनी जास्त रंगवला, हे सगळे आक्षेप खरे आहेत. पण फुफूच्या त्या दोन वाक्यांइतके नेमके परीक्षण मला कुठे मिळाले नाही. पहिल्या वाक्यात सिनेमात काय खोटे होते ते आले आणि दुसऱ्यात काय खरे होते ते.

आणि असे पाहा. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे हमीद दलवाई. त्यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम बायकांना बरोबर घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. आमच्याच कोकणचा हा माणूस, आमच्याच बोलीत वाढलेला. पण त्यांचे नाव आमच्या घरात निघत नसे. निघाले तर आवाज खाली करून. मराठीत इतके स्वच्छ लिहिलेले आमच्या पडवीपर्यंत पोचले नाही आणि चोप्रांचा झुंबराचा सिनेमा पोचला. दलवाईंची ‘इंधन’ मी वाचली ती कॉलेजात गेल्यावर, वाचनालयातून आणून, दुकानात कापडाच्या ताग्याआड धरून. सिनेमाची ताकद म्हणतात ती ही. त्याला दार उघडावे लागत नाही, काकी येऊन घेऊन जातात.

आता जरा माझ्या जातभाईंच्या पडद्यावरच्या संसाराकडे वळतो. हिंदी सिनेमात पूर्वी ‘मुस्लिम सोशल’ नावाचा एक प्रकारच होता. ‘चौदहवीं का चाँद’ १९६० चा, ‘मेरे मेहबूब’ १९६३ चा. लखनौ, बुरखा, शेर, बग्गी. ते पाहून आम्हाला वाटायचे, अरे वा, मुसलमान असे असतात तर! मग आमच्या घरात नारळाची सोलणे, सुकी मासळी आणि शिलाई मशीन का आहे? पुढे भला चाचा आला. ‘दीवार’मध्ये रहीमचाचा ७८६ च्या बिल्ल्याचे महत्त्व सांगतो, ‘शोले’मध्ये ए. के. हंगल यांचा आंधळा इमाम तरुण मुलगा गमावूनही गावाला धीर देतो. दोन्ही १९७५ चे. ही माणसे इतकी चांगली असतात की त्यांना वाईट वागायला सवडच नसते. आणि नव्वदीनंतर चाचाची जागा बंदूकवाल्याने घेतली. एम. एस. सथ्यूंचा ‘गर्म हवा’ हा मोठाच अपवाद. त्यातले बलराज साहनींचे सलीम मिर्झा चामड्याच्या जोड्यांचा धंदा करतात, कर्जासाठी दारोदार फिरतात, मुलीच्या लग्नाची काळजी करतात. धंदा करणारा मुसलमान मी पडद्यावर पहिल्यांदा तिथे पाहिला.

मराठीत याची सुरुवात फार चांगली झाली होती, हे आज कुणाच्या ध्यानात नसते. १९४१ साली प्रभातने ‘शेजारी’ काढला. व्ही. शांतारामांचे दिग्दर्शन, विश्राम बेडेकरांची कथा. जिवबा पाटील आणि मिर्झा हे एका गावातले जिवलग शेजारी. धरण बांधायला आलेला माणूस आपल्या फायद्यासाठी त्यांच्यात फूट पाडतो. धरण फुटते तेव्हा दोघे मित्र एकत्र मरतात. आदल्याच वर्षी लाहोरला पाकिस्तानचा ठराव झाला होता, त्याचे हे प्रभातचे उत्तर होते. मराठीत पाटील झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. याचीच हिंदी आवृत्ती ‘पडोसी’, तिच्यातला हिंदू ठाकूर केला मझहर खान यांनी, मिर्झा पुन्हा जागीरदारच. म्हणजे हिंदीत हिंदूची भूमिका मुसलमानाकडे आणि मुसलमानाची हिंदूकडे! मला तर त्या सगळ्या कथेपेक्षा ही पात्रांची वाटणी अधिक बोलकी वाटते. आणि भांडण धर्मातून निघत नाही, जमिनीच्या व्यवहारातून निघते, हे बेडेकरांनी तेव्हा बरोबर पकडले होते.

त्यानंतर आमच्या मराठी पडद्यावर मुसलमान शेजारी राहिला, पण त्याला घर राहिले नाही. तो दुसऱ्याच्या घरी येतो, गणपतीला मदत करतो, जखमी होतो. त्याच्या घरात रात्री दिवा मालवल्यावर काय बोलणे होते ते कुणी दाखवीत नाही.

यावरून एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एका मालिकेची माणसे माझ्याकडे आली. नाव सांगत नाही. पुढे जिच्याविषयी बोलणार आहे ती ही नव्हे. मालिकेत कोकणातला एक मुसलमान मासळीवाला होता, त्याचे संवाद तपासून द्या म्हणाले. कागदावर पहिलेच वाक्य होते, ‘या अल्ला, भाईजान, ये क्या हो गया!’ मी म्हटले, आमच्याकडचा मासळीवाला असे बोलत नाही. तो म्हणेल, ‘मेल्या, ह्या काय करून ठेवलंस?’ ते म्हणाले, मग तो मुसलमान आहे हे प्रेक्षकाला कळणार कसे? मी म्हटले, नाही कळले तर काय बिघडेल? ते हसले, चहा प्यायले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. त्यात त्यांची लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

त्या प्रश्नाचे उत्तर नागराज मंजुळे यांनी २०१६ च्या ‘सैराट’मध्ये दिले. परशाचे दोन मित्र, लंगड्या आणि सल्या. सल्या म्हणजे सलीम शेख, भूमिका केली अरबाज शेख याने. तो करमाळ्याकडचे मराठी बोलतो, विहिरीत उड्या मारतो, मित्राच्या प्रेमापायी मार खातो. त्याच्या धर्माविषयी सिनेमा भाषण करत नाही. तो चांगला मुसलमान नाही, वाईट मुसलमान नाही, सल्या आहे. ‘सैराट’ हा जातीवरचा सिनेमा, त्याचा शेवट पाहून लोक खुर्चीला खिळून बसले, त्यावर लिहून-बोलून झाले आहे. मी मात्र घरी येताना सल्याचाच विचार करत होतो. शेजारी गमावलेले घर त्याला मिळाले नाही हे खरे, पण मित्रांच्या खोलीत त्याची हक्काची चटई होती.

असो. फुफूकडे परत येतो.

‘निकाह’ ज्या वर्षी आला त्याच १९८२ मध्ये मराठीत ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शक जब्बार पटेल. आमच्या पिढीच्या मराठी लिहिणाऱ्या मुसलमान पोरांना जब्बार पटेल या नावाचा किती आधार होता, ते आज सांगून पटणार नाही. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’ असे सिनेमे काढणाऱ्या माणसाला कुणी विचारत नव्हते की तुम्ही मराठी इतके छान कसे बोलता. मला आजही विचारतात.

‘उंबरठा’ मी कॉलेजात असताना, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर पाहिला. फुफूही बसली होती. त्यात स्मिता पाटीलची सुलभा महाजन सुखवस्तू सासर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तिथली सडलेली व्यवस्था पाहून राजीनामा देऊन परत येते, तर नवऱ्याने दुसरी बाई जवळ केलेली. तो तसे सरळ सांगतो. तीही सरळ उठते आणि जाते. चोप्रांनी मुसलमानाच्या घरातला तलाक दाखवला, पटेलांनी हिंदूच्या घरातला न झालेला घटस्फोट. मला त्या वयात हा मोठा शोध वाटला आणि त्यावर फुफूशी बोलावे म्हणून मी वळलो, तर ती आश्रमातल्या बायकांविषयी विचारू लागली. असे आश्रम खरेच असतात का? जेवण कसे असते? तिथे शिवणकाम देतात का? तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले, की फुफूला आमच्या पडवीची भीती वाटत होती. अब्बा म्हातारे झाल्यावर आपले काय, हा हिशेब ती व्हिडिओ पाहता पाहता करत होती. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सिनेमातले प्रतीक शोधत होतो.

आणखी एका सिनेमाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००४ चा ‘श्वास’. संदीप सावंत यांचा. ‘श्यामची आई’नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते यामुळे. कोकणातल्या खेड्यातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या कर्करोगासाठी शहरात आणतात. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. अरुण नलावडे आजोबा झाले आहेत, अश्विन चितळे नातू. सगळ्यांना वाटते की हा आजारावरचा सिनेमा. माझ्या मते तो सांगण्यावरचा सिनेमा आहे. डॉक्टर आजोबांना म्हणतो, मुलाला आधी सांगा. आणि आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी शस्त्रक्रियेआधी ते पोराला दवाखान्यातून घेऊन जातात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला.

आम्ही अख्खे घर ‘श्वास’ बघायला गेलो होतो. अब्बा तेव्हा होते. ते मध्यंतरात उठून बाहेर गेले आणि आत आले नाहीत. मला वाटले प्रकृती बिघडली. बाहेर पायरीवर बसले होते. म्हणाले, “तेना निदान पोराक जग दाखवल्यान. मी अकरा दिस काय केलंय?” बावीस वर्षांपूर्वीचे पत्र त्यांच्या मनातून गेले नव्हते. फुफूला मात्र ते हे कधी म्हणाले नाहीत. दोन वर्षांनी वारले.

आता मालिका. दूरदर्शनवर १९८४ मध्ये ‘हम लोग’ आली तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन, या भागात घडले त्यावर तुम्हाला काय वाटते, असे प्रेमाने विचारत. मेक्सिकोत अशा मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार केला होता, तिथून ही कल्पना आणली होती. लोकांना कुटुंबनियोजनापेक्षा बडकी, छुटकी आणि नन्हेच लक्षात राहिले. मग खाजगी वाहिन्या आल्या. १९९९ च्या ‘आभाळमाया’त नोकरी करणारी, नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाला तोंड देणारी सुधा जोशी होती, तेव्हा वाटले की आता घरातले खरे काही दिसेल. पण तीनतीन हजार भागांच्या मालिका सुरू झाल्या आणि प्रश्नाचे रबर झाले. ‘चार दिवस सासूचे’ हे नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती, एवढेच म्हणतो.

आमच्या दाराशी आलेली मालिका म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’. २०१६ मध्ये सुरू झाली, चित्रीकरण कुडाळ तालुक्यातल्या आकेरी गावातल्या एका वाड्यात. आमची मालवणी रोज रात्री घराघरांत ऐकू येऊ लागली. मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून जे रंगमंचावर केले, ते हिने छोट्या पडद्यावर केले, याचा आनंद होताच. आक्षेपही आले. कोकणची बदनामी, अंधश्रद्धेचा प्रसार. दाभोलकरांचा खून होऊन तीन वर्षेही झाली नव्हती, जादूटोणाविरोधी कायदा नवा होता, त्यामुळे आक्षेपाला वजन होते. मला व्यक्तिशः भुताखेतांचा राग आला नाही. आमच्या गावांत भुते आहेतच, फक्त ती जमिनीच्या सातबाऱ्यावर बसलेली असतात. राग आला तो २०१९ च्या दुसऱ्या भागात. कथा मागे गेली आणि माधव अभ्यंकरांनी केलेले अण्णा नाईक जिवंत होऊन आले. बाहेरख्याली, मारकुटा, दुसऱ्याच्या जमिनी गिळणारा माणूस. अभ्यंकरांनी तो उत्तम केला यात शंका नाही. पण अण्णा आणि शेवंता यांच्यावर विनोद फिरू लागले, लोक गाड्या करून आकेरीला वाडा बघायला येऊ लागले, आणि अण्णांची बायको माई घरात सोसत राहिली ती जणू वाड्याच्या खांबांसारखी, असायचीच म्हणून.

फुफू ही मालिका बघायची, वाडा ओळखीच्या रस्त्यावरचा म्हणून. एकदा शेजारची पोरे अण्णांच्या एका संवादावर खो-खो हसत होती. ती म्हणाली, “लोक हसतत कित्याक रे? त्या माईक हसाक येता काय?” पोरे गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी बघू लागली.

मालिकांना नावे ठेवणे मला सोपे जाते आणि मी ते कट्ट्यावर नेहमी करतो. म्हणून पुढचे कबूल करताना थोडे जड जाते. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, जवळजवळ पाच वर्षे चालली. मूळ बंगाली. अरुंधती नावाची गृहिणी, पंचवीस वर्षांचा संसार, नवरा अनिरुद्धचे ऑफिसातल्या संजनाशी संबंध, मग घटस्फोट, मग तिचे स्वतःचे गाणे, दुसरे लग्न. ताणलेली, रडकी, पार्श्वसंगीताने कान किटवणारी. मी दोन भागांत उठलो. पण फुफू, आता साठी ओलांडलेली, रोज बसायची. आणि हळूहळू आळीतल्या आणखी चार-पाच जणी तिच्याकडे येऊन बसू लागल्या, त्यात आमच्या त्या काकींची सूनही.

‘निकाह’ तीन तासांत संपला होता. हा घटस्फोट महिनोन्महिने चालला. अरुंधती सही करणार की नाही, घर सोडणार की नाही, पोरे कुणाच्या बाजूची, सासू काय म्हणते, असे रोज वीस मिनिटे. मला जी पाल्हाळ वाटत होती तिच्यात त्या बायकांना बोलायला जागा मिळत होती. जाहिराती लागल्या की एखादी आपल्या घरचे काढायची. आणि एका संध्याकाळी काकींच्या सुनेने फुफूला विचारले, “तुमचं तेव्हा नेमकं काय झालं होतं?”

चाळीस वर्षांत हे तिला कुणी विचारले नव्हते. २०१७ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने शायराबानो खटल्यात तिहेरी तलाक अवैध ठरवला, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने पेपर घेऊन तिच्याकडे गेलो होतो. ती म्हणाली होती, “चांगला झाला. पण माझो पोस्टमन येवन गेलो.” २०१९ मध्ये तिहेरी तलाक देणे गुन्हा ठरवणारा कायदा झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी खूप आरडाओरड झाली, टीव्हीवर दाढीवाले आणि बिनदाढीचे भांडले. फुफूला कुणी काही विचारले नाही. मीही नाही. मी मोती तलावावर सहा कविता लिहिल्या आहेत, पावसावर किती ते मोजले नाही. फुफूवर एकही नाही. घरची गोष्ट, असे म्हणून मी ती टाळली, आणि वर मालिकावाल्यांना म्हणत राहिलो की तुम्ही आमच्या घरात का येत नाही!

त्या संध्याकाळी ती दीड तास बोलली. मी आतल्या खोलीत होतो, दार लोटून. सदऱ्याच्या मापाची गोष्ट, पोस्टमनची हाक, मनिऑर्डरच्या पावतीवरचा आपला अंगठा की सही, यावरून झालेला घोळ, इद्दतीच्या तीन महिन्यांत सगळ्या आळीच्या सदऱ्यांना केलेली काजे. काही गोष्टी मला माहीत नव्हत्या. नवऱ्याला तिने त्या वर्षी दोन पत्रे पाठवली होती, काकींकडून लिहून घेऊन. उत्तर आले नव्हते.

मग तिने मला हाक मारली. म्हणाली, तें पत्र खंय आसा? तिने ते कधी पाहिलेच नव्हते. अब्बांनी तिला तोंडी सांगितले होते, तेही दादीमार्फत. दुकान बंद केले तेव्हा गल्ल्याचा खण मी तसाच घरी आणला होता. रिळांखाली पत्र होते. निळा रंग उडालेला, घडीवर फाटलेले. मी वाचून दाखवू का, असे विचारले. ती म्हणाली, नको, माका वाचूक येता. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेली होती ती. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून तिने सावकाश सगळे वाचले. बायका श्वास रोखून बसल्या होत्या. टीव्हीवर आवाज बंद करून अरुंधती कुणाशी तरी बोलत होती.

पत्र घडी करून तिने काकींच्या सुनेच्या हातात दिले.

“अक्षर बरा आसा मेल्याचा,” म्हणाली. आणि मला म्हणाली, “आवाज वाढव जरा.”